आठवा चौकोन

नाटकाच्या एकविसाव्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी थोरलीच्या लक्षात आलं, की घरात काहीतरी नाहीये. काय नाही, ते मात्र कळेना. तिने आधी गॅस पाहिला, मग नळ, मग मागची खिडकी. पंखा थांबला की लगेच समजतं. पण जो आवाज चाळीस वर्षं घरात आहे तो गेला, तर माणूस भलतंच काहीतरी शोधत बसतो. धाकटी ओट्यापाशी उभी राहून पावाला लोणी लावत होती. या काठापासून त्या काठापर्यंत, नेहमीसारखंच. फक्त तोंड मिटलेलं होतं.

"बरं नाही का गं?"

"बरी आहे."

"मग आज गाणं कुठे गेलं?"

"ते गाणं नाही, ताई. एकच सूर आहे."

ते खरं होतं. हात कामात असले की धाकटीच्या नाकातून एक सूर निघायचा. चढायचा नाही, उतरायचा नाही. लहानपणी थोरली त्यावर चिडायची, मग तिला त्याची सवय झाली, आणि आता त्याच्याशिवाय चहा पाणचट लागत होता.

दोघी एकाच नाट्यगृहात कामाला होत्या. थोरली चोपन्न वर्षांची, प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, छोट्या दिव्याखाली, मांडीवर संहिता उघडून बसायची आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हलकेच त्याच्या दिशेने सोडायची. हे काम वडिलांचं. तीस वर्षं ते त्याच स्टुलावर बसले होते. धाकटी त्रेचाळीसची. तिच्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात हाताळायच्या सगळ्या वस्तू: चष्मे, पत्रं, पेले, छत्री. उजव्या विंगेत तिचं लांबलचक टेबल होतं. त्यावर खाकी कागद, कागदावर पेन्सिलीने आखलेले चौकोन, प्रत्येक चौकोनात वस्तूचं नाव. नटाने जाताना वस्तू उचलायची, परतताना तिच्या चौकोनात ठेवायची. बावीस वर्षांत त्या टेबलावरून टाचणीही हरवली नव्हती.

टेबलाच्या वर थोरलीच्या अक्षरातली पाटी होती. एक नट नाटकातला चष्मा घालून घरी पेपर वाचत बसला आणि नंतर त्याच चष्म्यावर बसला, त्या वर्षी लिहिलेली. ‘प्रयोगातली वस्तू प्रयोगाबाहेर कोणीही वापरू नये. ज्याने नेली त्यानेच प्रयोगानंतर जागेवर ठेवावी.’

नट मंडळी पाटीला हसायची. धाकटी तिला मानायची.

धाकटी अडतीस वर्षांची असताना एका डॉक्टरने कागदावर ‘स्वमग्न’ असा शब्द लिहून दिला होता. तिने तो वाचला, घडी केली आणि विजेच्या बिलांच्या फायलीत ठेवला. "उशिरा आला," एवढंच म्हणाली. वडील तेव्हा होते. त्यांना कागदाची गरज कधीच पडली नव्हती. धाकटीला घेऊन ते कुठेही गेले, दुकानात, बँकेत, कुणाच्या घरी, तरी तिच्या अर्धं पाऊल मागे उभे राहायचे आणि ओठ न हलवता पुढचं वाक्य सांगायचे. ‘आता विचार, तब्येत कशी आहे.’ ‘आता म्हण, येते मी.’ धाकटी ते वाक्य म्हणायची. समोरच्याला पत्ता लागायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून धाकटी दुकानात जात नाही.

नाटकात मात्र ती रमायची. प्रत्येक प्रयोग ती विंगेतून उभ्याने बघायची. एकदा थोरलीने विचारलं होतं, तेच ते पाहून कंटाळा येत नाही का. धाकटी म्हणाली, "इथे सगळ्यांना आधीच माहीत असतं पुढे काय बोलायचं. आणि तरी रोज थोडं वेगळं होतं. बाहेर उलटं आहे."

तर हे नवं नाटक. एका घरातली मुलगी, स्वमग्न, आणि तिला समजून घेऊ न शकणारी तिची आई. दिग्दर्शक हुशार, पण सतत घाईत. पाठीमागे सगळे त्याला घाईबुवा म्हणत. नायिका सव्वीस वर्षांची, मेहनती. तालमीच्या पहिल्या आठवड्यात ती पुढे-मागे झुलायची, छताकडे बघायची आणि मोठमोठे गुणाकार तोंडी करायची.

धाकटीने अकरा मिनिटं पाहिलं आणि थोरलीला विचारलं, "हिला काय झालंय?"

"काही नाही. ती स्वमग्न आहे. नाटकात."

"माझ्यासारखी?"

"हो."

धाकटीने आणखी थोडं पाहिलं. "मला गुणाकार येत नाहीत," ती म्हणाली आणि टेबलाकडे गेली.

थोरलीला ते लागलं. आपली बहीण रोज समोर असताना हे असलं काहीतरी लोकांपुढे जाणार, हे तिला सहन होईना. त्या संध्याकाळी तिने नायिकेला बाजूला घेतलं आणि सात गोष्टी दाखवल्या. दार ओलांडण्याआधी चौकटीला तीन बोटं लावायची. हात कामात असताना एक सूर. कोणी मोठ्याने बोललं की बाहीची शिवण चिमटीत. उत्तर देण्याआधी अंगठ्याचं पेर ओठांवर. आनंद झाला की टाचा दोनदा वर. गर्दीत पाठ भिंतीला. आणि समोरच्याचा शेवटचा शब्द हळूच पुन्हा. नायिकेने सगळं टिपून घेतलं, सराव केला आणि तिसऱ्या दिवशी दुसरा अंक असा उभा राहिला, की घाईबुवा चक्क खाली बसला.

पहिल्या प्रयोगाच्या सकाळी थोरलीने त्या सातही गोष्टी संहितेच्या समासात उतरवल्या. शाईने. तालमीत समासातलं सगळं पेन्सिलीने असतं. शाईने लिहिलं की ते नाटकाचं झालं, मग दिग्दर्शकाच्या सहीशिवाय त्यात फरक नाही.

धाकटीला विचारावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण घाई होती.

नाटक चाललं. लोक रडत बाहेर पडू लागले. ज्यांच्या घरात अशी मुलं होती ते नायिकेचा हात धरून उभे राहायचे. एक बाप म्हणाला, आमची पोरगी अशीच पाठ लावून उभी राहते, आजवर मी तिला ओढत होतो. थोरलीने ते ऐकलं आणि आपण योग्य केलं असं तिला वाटलं. त्या क्षणी ते खोटंही नव्हतं.

सूर गेला एकविसाव्या प्रयोगाच्या दिवशी. नंतर थोरली लक्ष ठेवू लागली. तेविसाव्याला धाकटी दारात येऊन थांबली. तिचा हात चौकटीकडे गेला आणि अर्ध्यावरून मागे आला. ती तशीच उभी राहिली. थोरलीने "चल ना" म्हटलं, तेव्हा पाण्यात उतरावं तसं तिने पाऊल बाहेर टाकलं. मग अंगठा ओठांवर जाईना, त्यामुळे उत्तरं येईनात. बाजूच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "काय, बऱ्या आहात ना?" तर धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली, इतका वेळ, की त्या बाईच दोन पायऱ्या मागे सरल्या.

घरात ती दिसायची, पण तिची चाहूल लागायची नाही. थोरली मागे वळायची आणि धाकटी तिथे असायची. हात खाली, चेहरा शांत. अख्ख्या संध्याकाळी कापडाची साधी सळसळ नाही. थोरलीला स्वतःच्याच घरात दिवे लावून ठेवावेसे वाटू लागले.

आणि नाट्यगृहात दुसरंच चाललं होतं. चारचा प्रयोग सव्वासहाला संपायचा. तिसाव्या प्रयोगानंतर थोरली मेकअप रूममध्ये गेली, तर नायिका दारात उभी. तिने चौकटीला तीन बोटं लावली, मग आत आली.

"प्रयोग संपला गं," थोरली हसून म्हणाली.

"माहीत आहे." नायिका आरशासमोर बसली आणि कापसाने रंग पुसू लागली. पुसता पुसता सूर सुरू झाला. तोच. "थांबवता येत नाही, ताई," नायिका आरशातून म्हणाली. "परवा आई उठून माझ्या खोलीत आली. म्हणाली, तुझ्याबरोबर आत कोण आहे?"

"कोण आहे?" थोरलीने विचारलं.

"आहे," नायिका हळूच म्हणाली. आपण शेवटचा शब्द पुन्हा म्हटला, हे तिला कळलंही नाही.

एकतिसावा प्रयोग. दुसऱ्या अंकात नायिका कपाट उघडून छत्री काढते. कपाट नेपथ्याचं, पातळ लाकडाचं; मागची बाजू उघडीच, आणि डाव्या विंगेतून थोरलीला ती मागची बाजू रोज दिसायची. आत एक खिळा आणि खिळ्याला छत्री, बाकी काही नाही. त्या दिवशी नायिका कपाटापाशी आली आणि तिने दार उघडलं नाही. ती वाकली. तिने कान दाराला लावला आणि डोळे मिटले.

थोरलीचं बोट संहितेवरच्या ओळीवर थिजलं.

हे सातात नव्हतं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. हे थोरलीने फक्त एकदा पाहिलं होतं, अर्धवट उघड्या दारातून, वडील गेले त्या वर्षी. घराच्या बोळात त्यांचं लोखंडी कपाट आहे, आत त्यांच्या जुन्या संहिता. धाकटी त्या कपाटाला कान लावून उभी होती, पुढच्या वाक्याची वाट पाहत. थोरली पाय न वाजवता मागे सरली होती. ती त्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती, धाकटीशीही नाही.

सभागृहात चारशे माणसं गप्प. अकरा सेकंद. आणि त्या शांततेत थोरलीला कुजबुज ऐकू आली: नायिकेचं पुढचं वाक्य, शब्दन् शब्द, प्रॉम्प्टर देतो तसं, श्वासावर. सवयीने आपणच दिलं असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपले ओठ मिटलेले आहेत.

नायिका सरळ झाली आणि ते वाक्य बोलली.

प्रयोगानंतर ती आपणहून थोरलीकडे आली. रंगाखाली चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही आज कपाटामागून का वाक्य दिलंत?"

"मी स्टुलावर होते."

"पुरुषाचा आवाज काढलात."

थोरली वळली. ती रिकाम्या रंगमंचावरून चालत उजव्या विंगेत गेली. प्रयोगाच्या काळात दोघींच्या मध्ये अख्खा रंगमंच असायचा; टेबलाजवळ ती महिनोन् महिने आली नव्हती. धाकटी टेबलापाशी उभी होती. हल्ली ती रोज अशीच अर्धा-अर्धा तास उभी राहायची. थोरलीला वाटायचं, दमते.

टेबलावर सगळं जागच्या जागी होतं. चष्मा, पत्र, पेले. पण डाव्या टोकाला, कागद जिथे लांबून रोज दुमडलेला दिसायचा तिथे, आज तो उलगडलेला होता. त्यावर सात चौकोन होते, रिकामे. प्रत्येकात धाकटीचं गोल अक्षर: ‘तीन बोटं’. ‘सूर’. ‘बाही’. ‘अंगठा’. ‘टाचा’. ‘पाठ’. ‘शेवटचा शब्द’. आणि त्यांच्याखाली आठवा, रेषा जरा फिकट: ‘कान’.

"हे काय आहे?"

धाकटीने बराच वेळ घेतला. अंगठा ओठांवर न जाता उत्तर शोधणं तिला जड जात होतं. "तुझ्या संहितेत होतं. शाईने. मी रोज तुला संहिता काढून देते. विसाव्या प्रयोगापासून समासही वाचते, रोज थोडा."

"मग?"

"शाईने म्हणजे नाटकातलं. नाटकातलं बाहेर वापरायचं नाही." तिने वरच्या पाटीकडे पाहिलं. "तू लिहिलंस."

थोरलीने टेबलाची कड धरली. "आणि हे आठवं? हे तर मी लिहिलं नाही."

"ते मी काढलं. ती सात गोष्टी करते, पण ऐकत नाही. नुसत्या करते. त्या कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. ऐकल्याशिवाय त्या चालत नाहीत. म्हणून चौकोन काढला."

"तिला सांगितलंस?"

"नाही. चौकोन काढला. तिने उचललं."

"तू मला आधी का नाही बोललीस गं?"

"तू विचारलं नाहीस," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती वजनकाट्यावरचा आकडा वाचल्यासारखं बोलली.

थोरली थेट घाईबुवाकडे गेली. तो एका हाताने जेवत होता, दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी पाठवत होता. समासातल्या सात ओळी खोडायच्या आहेत, सही कर, असं तिने सांगितलं.

"ताई, तुम्हाला ताप आहे का?"

"माझ्या बहिणीच्या आहेत त्या. तिच्याकडून गेल्यात."

"गेल्यात म्हणजे? सवयी काय उसन्या जातात?" तो हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला. "हे बघा, त्या सात गोष्टी म्हणजेच नाटक आहे. त्या काढल्या तर उरतं काय, गुणाकार? चाळीस प्रयोग लागलेत पुढे. त्या प्रयोगांनंतर बघू."

चाळीस प्रयोग. धाकटीला आज प्रयोगभर भिंतीपासून हलता आलं नव्हतं, हे थोरलीने समोरच्या विंगेतून पाहिलं होतं; पाठ टेकायची मुभा नाही म्हणून ती भिंतीपासून बोटभर अंतरावर उभी राहत होती. चाळीस प्रयोगांनी काय उरेल? स्वच्छ, गप्प, कोपऱ्यात ठेवलेली एक बाई. तिच्याकडे मागायला आणखी काही उरणार नाही.

थोरली परत आली. धाकटी अजून टेबलापाशीच होती.

"घरी चल."

"येता येत नाही. सामान परत आलं नाही."

"कुठलं सामान?"

धाकटीने सात चौकोनांकडे बोट दाखवलं, मग आठव्याकडे. थोरलीने मान वर करून स्वतःचीच पाटी वाचली. पहिली ओळ सगळ्यांना पाठ होती. दुसरी ओळ इतकी वर्षं तिने स्वतःही वाचली नव्हती. ‘ज्याने नेली त्यानेच प्रयोगानंतर जागेवर ठेवावी.’

नायिका रोज ते घेऊन घरी जात होती. एकतीस प्रयोग झाले आणि एकदाही कोणी तिला ‘ठेव’ म्हटलं नव्हतं.

थोरली तिला मेकअप रूममधून घेऊन आली. अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा नाटकातला. नायिकेने चौकोन वाचले. ती हसेल, अशी थोरलीला धास्ती होती. ती हसली नाही.

"कसं ठेवायचं?"

"जसं उचललंस तसं," धाकटी म्हणाली. तिने यादी आणि पेन्सिल काढली.

नायिकेने पहिल्या चौकोनात तीन बोटं टेकवली आणि काही क्षण तशीच ठेवली. उचलल्यावर हातमोजा काढल्यासारखी ती बोटं हलवून पाहत राहिली. धाकटीने यादीत खूण केली. मग सूर: नायिका कागदावर ओणवी झाली आणि सूर तिच्या तोंडातून उतरत उतरत थांबला. बाही. अंगठा. टाचांसाठी ती चपला काढून दोनदा वर झाली आणि दोन्ही हात चौकोनावर ठेवले. पाठ ठेवायला ती वळली आणि पाठमोरी टेबलाला टेकली. विंगेत दिवे नेहमीचेच होते, तरी थोरलीला वाटलं की टेबलाभोवती जरा गारवा आहे.

"आता शेवटचा शब्द," धाकटी म्हणाली.

"शब्द," नायिका म्हणाली आणि तो सोडून दिला.

"उद्या तिसऱ्या घंटेनंतर उचल. नीट धर. परत आण." धाकटीने पेन्सिल आठव्या ओळीवर आणली. "कान."

नायिकेने मान हलवली. "ते माझ्याकडे नाही. मला भीती वाटली. मी ते तिथेच, कपाटापाशी, सोडून आले."

तिघींनी रंगमंचाकडे पाहिलं. कपाट उभं होतं, दार बंद. थोरलीने जाऊन ते उघडलं. खिळा. आणि मागे उघडी विंग, त्यात स्वतःचंच रिकामं स्टूल आणि विझवायचा राहून गेलेला दिवा.

धाकटीने यादीत लिहिलं, ‘गहाळ’. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सूर आला. थोरली अंथरुणातच पडून राहिली आणि त्याला हलवलं तर तो सांडेल अशा बेताने ऐकत राहिली. चहा चहासारखा लागला. धाकटीने दाराला तीन बोटं लावली, बाहेर गेली, दाराशी ठेवलेलं दूध घेऊन आत आली. पुढचे सहा प्रयोग तसेच गेले. नायिका उचलायची, ठेवायची, धाकटी खुणा करायची. नायिका घरी नीट झोपू लागली. आणि रंगमंचावर ती पूर्वीपेक्षा चांगली वाटू लागली. आता ती त्या गोष्टी कुणाच्यातरी आहेत हे विसरत नव्हती. आठवा चौकोन रिकामाच राहिला.

सातव्या दिवशी सुटी होती. दुपारी थोरली वाळलेल्या कपड्यांची चळत घेऊन बोळातून निघाली. पुढचं तिला आठवतं ते असं: गालाला गार लोखंड, आणि कपडे पायाशी जमिनीवर. ऊन खिडकीतून सरकून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेलेलं. किती वेळ ती वडिलांच्या कपाटाला कान लावून उभी होती, तिला सांगता आलं नसतं.

आत कोणीतरी श्वास घेतला. वाक्य देण्याआधी घेतात तेवढाच.

बोळाच्या तोंडाशी धाकटी आली. चौकटीला तीन बोटं. तिने थोरलीकडे पाहिलं, खिशातून यादी काढली, ‘गहाळ’ खोडलं आणि समोर खूण केली.

"तुझ्याकडे होतं होय," ती म्हणाली.

थोरलीला कपाटापासून दूर व्हायचं होतं. झालं नाही. आयुष्यभर तिने लोकांना पुढची वाक्यं दिली होती. आपल्याला कोणी द्यावं, हे ठाऊकच नव्हतं. श्वासावरचे शब्द स्पष्ट होते, आणि आवाज ओळखीचा. तिने ते ऐकले, आणि जसे आले तसे म्हटले.

"मी तुला आधी विचारायला हवं होतं."

धाकटीने अंगठ्याचं पेर ओठांवर ठेवलं.

"वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली. "एन्ट्री उशिरा झाली."

मग ती शेजारी येऊन उभी राहिली, पाठ भिंतीला लावून. थोरलीचा कान अजून लोखंडावरच होता, आणि आत पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला जात होता.